मधल्या खुर्चीत आबा

उंची एकशे सत्तावन्न सेंटिमीटर, अनवाणी.

भरताची वांगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवरच भाजायची. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजली तर आबा ताट सरकवतात आणि ताकभाकर मागतात. तीही भिंतीकडे बघून.

'उमेदवाराने मूळ प्रमाणपत्रांसह सकाळी साडेनऊ वाजता उपस्थित राहावे. प्रवासखर्च दिला जाणार नाही.'

अंगणात येताना आबा दोनदा खाकरतात. तेवढ्या वेळात आतल्या सुनेने पदर घ्यायचा, उठायचं, तोंड फिरवायचं. पाच वर्षांत ही वेळ कधी चुकलेली नाही.

एक हिरवा टेबलक्लॉथ, शाईचा डाग असलेला, धुळ्याहून एस.टी.ने आलेला.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, देवपुरातल्या कॉलेजात, वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर. परीक्षकांनी शेरा लिहिला होता: आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो.

प्रश्न पहिला. आपलं संपूर्ण नाव?

देवचंद पऱ्हाट्या मोडत होता. मळ्यातल्या निंबाखाली चार खुर्च्या मांडल्या होत्या, तीन एका बाजूला, एक समोर, मध्ये टेबल. समोरच्या एकट्या खुर्चीत त्याची बायको कोकिळा बसली होती. आज रविवार होता. शुक्रवारी मुंबईला तिची फौजदाराच्या जागेसाठी मुलाखत. लेखी झाली होती, मैदानी झाली होती, आता एवढंच उरलं होतं, आणि पुढची जाहिरात निघेपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं. आठवडाभर जळगावच्या डाळ मिलमध्ये वजनकाट्याशी बसून तो हेच मोजत आला होता. शनिवारी संध्याकाळी पारोळ्याला उतरला तेव्हा शर्टावर तुरीची भुकटी तशीच होती.

टेबलामागे नथ्थूकाका. कोकिळाचे सख्खे काका, देवपुरात राहणारे, निवृत्त हवालदार. सकाळच्या गाडीने आले ते टेबलक्लॉथ, लाल पेन आणि चाळीस प्रश्नांची यादी घेऊन.

"भरतीच्या बोर्डाचा दरवाजा मी बारा वर्षं उघडला," ते सगळ्यांना तिसऱ्यांदा सांगत होते. "आत काय विचारतात, पोरं काय बरळतात, सगळं मला बाहेर ऐकू यायचं. निम्मी पोरं नावातच पडतात. उमेदवार, आपलं संपूर्ण नाव?"

"कोकिळा," कोकिळा म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "पाटील."

"मधलं?"

"यांचं."

"यांचं म्हणजे कोणाचं? या निंबाचं?" बेबाताई ओरडली. देवचंदची ही थोरली बहीण भरतासाठी म्हणून जळगावहून आली होती, आणि इथे भरताहून चवदार काहीतरी चाललंय म्हणून वांगी सोडून टेबलाशी येऊन उभी होती.

"फॉर्मवर लिहिलंस ना गं?" काका म्हणाले.

"लिहिलं. सहा ठिकाणी. लिहायला काही वाटत नाही काका."

"उखाण्यात घे!" बेबाताई म्हणाली. "उखाण्यात चालतं."

"बोर्डासमोर उखाणा? साहेब म्हणतील, छान, आता जिलबीचं ताट आणा." काकांनी लाल पेनाने टेबलावर टकटक केलं. "चूक तुझी नाही पोरी. पण तिथे नवऱ्याचं नाव गिळलंस तर ते समजतील, उमेदवार काहीतरी लपवतेय. संपूर्ण नाव."

कोकिळाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मान वर केली. देवचंदकडे मात्र बघितलं नाही.

"कोकिळा देवचंद पाटील."

"हजर!" देवचंद म्हणाला.

तो का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. पाच वर्षं तो 'अहो' होता, 'ऐकलं का' होता, जळगावला पत्र यायचं त्यात 'ती. रा. रा.' होता. आपलं नाव आपल्या बायकोच्या तोंडून आलं आणि शाळेतल्या हजेरीसारखा तो उभाच राहिला, हातात पऱ्हाटीचा जुडगा घेऊन. बेबाताई हसत हसत खाली बसली. काकांनी यादीवर लाल बरोबरची खूण केली. कोकिळा लाजली नाही, उलट तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, जीभ सरावावी म्हणून. मग अजून एकदा.

"पुरे व," बेबाताई म्हणाली, "त्याले चढी जाई."

प्रश्न दुसरा. आपल्याला पोलीस अधिकारी का व्हायचं आहे?

कोकिळाच्या सासूला, द्रौपदाबाईंना, हे सगळं पहिल्यापासून मान्य नव्हतं, आणि त्या ते वांग्यांना टोचे मारता मारता मोठ्याने सांगत होत्या.

"सून खुर्चीवर बठस. नवराना नाव लेस. आते काय राहिनं? टोपी घाली द्या माले बी."

"विहीणबाई, सवय लागू द्या तिला," काका म्हणाले. "पण माझा उपयोग नाही. मला ती घाबरतच नाही. लहानपणी माझ्या पाठीवर बसून देवपूरभर हिंडलीय. तिथे समोर बसतील ते मोठ्या हुद्द्याचे, वयस्कर, मिशीवाले. ज्याच्यापुढे हिचा आवाज बसतो असा माणूस मला मधल्या खुर्चीत पाहिजे."

सगळ्यांनी विहिरीकडे बघितलं. तिथे बाजेवर, पाठ करून, देवचंदचे वडील पितांबर आबा पडले होते.

द्रौपदाबाई जिंकल्यासारख्या उठल्या. "त्यास्ले हाई बठ्ठं आवडस नही. मुंबईनं कागद उना त्या दिनपाईन एक शब्द बोलनात नही त्या."

"आई, त्याआधी तरी आबा कुठे बोलत होते?" देवचंद म्हणाला.

"तू चूप बठ."

बाज करकरली. आबा उठले. डोक्यावर टोपी ठेवली, खिशातून चष्मा काढला, आणि कोणाकडेही न बघता चालत आले. दोनदा खाकरले. आणि मधल्या खुर्चीत बसले.

समोरची खुर्ची रिकामी झाली होती. कोकिळा उठून, पदर नाकापर्यंत ओढून, निंबाच्या खोडाकडे तोंड करून उभी होती.

काकांनी यादी आबांपुढे सरकवली. आबांनी दुसरा प्रश्न बोटाने शोधला, मनातल्या मनात वाचला, आणि बेबाताईकडे वळून म्हणाले, "तिले इचार, फौजदार कसाले व्हवानं शे."

"कोकिळा, आबा विचारताहेत, फौजदार कशाला व्हायचं."

कोकिळा खोडाला काहीतरी म्हणाली.

"आबा, ती म्हणते, समाजाची सेवा."

"तिले सांग, ऐकू उनं नही."

"आबांना ऐकू नाही आलं गं."

नथ्थूकाकांनी कपाळ धरलं. "पाटील! अहो पाटील! मुंबईला बेबाताईंना कुठे बसवायचं? बोर्डाला दुभाषा मिळत नाही!"

आबांनी प्रयत्न केला. हे द्रौपदाबाईंनी पाहिलं, दुसऱ्या कोणी नाही. नवऱ्याचा गळा हलला, ओठ उघडले, मान थोडी त्या खोडाच्या दिशेने वळली. पुन्हा दोन खाकऱ्या झाल्या. वाक्य आलं नाही. माणूस लाल झाला होता.

म्हणजे यालाही येत नाही, असं द्रौपदाबाईंच्या मनात आलं. त्यांना वाटत होतं, हे फक्त बायकांच्याच गळ्याला बांधलेलं असतं.

आणि मग त्यांना त्यांचे स्वतःचे सासरे आठवले. एकोणीस वर्षं त्यांनी पाणी मागितलं ते तांब्यावर नख वाजवून. शेवटच्या दुखण्यातही नखच वाजवलं. त्यांना सुनेचा आवाज जाड होता की बारीक, हे कळलं नाही, आणि द्रौपदाबाईंना त्यांच्या डोळ्यांचा रंग.

त्यांनी हातातलं वांगं पेटत्या चुलीत बाकीच्या वांग्यांशेजारी ठेवलं. मळ्यातल्या खोलीबाहेर दोरीवर त्यांचं हिरवं लुगडं वाळत होतं ते ओढून आणलं.

"धर रे एक टोक," त्या देवचंदला म्हणाल्या.

"कशाला?"

"मधे धरनं शे. ती त्यास्ले दिसाव नही, त्या तिले दिसाव नहीत. बोला मंग काय बोलनं शे ते."

"विहीणबाई," काका म्हणाले, "शुक्रवारी मुंबईला लुगडं कोण धरणार?"

"पहिले बोलाले ते लागू द्या! दिसानं नंतर पाहूत." आणि सुनेकडे वळून, "खुर्चीवर बठ. मी सांगस ना? बठ."

प्रश्न तिसरा. आपल्या कुटुंबाविषयी सांगा.

लुगड्यातून ऊन गाळून येत होतं. कोकिळाला समोर फक्त हिरवं दिसत होतं, दोन्ही टोकांना नवरा आणि सासू. पलीकडून खुर्ची कुरकुरली. खाकरणं ऐकू आलं आणि तिचा हात आपोआप पदराकडे गेला.

"तुमनं माहेर कोनतं?"

तिला आधी कळलंच नाही की हा प्रश्न तिला आहे. तुमनं. बेबाताई नाही, भिंत नाही, गोठ्यातली गाय नाही.

"धुळे," ती म्हणाली. "देवपूर."

"घरमा कोन कोन?"

"पती, सासू, सासरे. मोठी नणंद जळगावला दिलेली आहे."

"ननंद कशी शे?"

"आवाज मोठा आहे. मन त्याहून मोठं आहे."

"लिहा, लिहा!" बेबाताई म्हणाली.

"सासू?"

लुगडं उजवीकडे जरा ताठ झालं.

"रोज सकाळी मी मैदानी परीक्षेसाठी धावायला जायचे तेव्हा गावाला सांगायच्या, सून दूध घालाले गयी. रिकामी किटली माझ्या हातात त्यांनीच दिली होती."

हे कोणालाच माहीत नव्हतं. देवचंदने टोकापलीकडून आईकडे बघितलं. आई वांग्यांकडे बघत होती.

"आनि सासरा?" पलीकडचा आवाज म्हणाला. "सासरा कसा शे?"

काकांच्या यादीत हा प्रश्न नव्हता. कोकिळाने श्वास घेतला. समोर हिरव्याशिवाय काही नव्हतं, आणि मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज पाच वर्षांनी तिच्या तोंडात येऊन बसला होता.

"कमी बोलतात. चहात साखर कमी पडली तर कप परत येतो, शब्द येत नाही. किती कमी पडली ते मला कपात उरलेल्या चहावरून ओळखावं लागतं. तपासाचं काम मी तिथेच शिकले."

लुगडं हलायला लागलं. द्रौपदाबाई हसत होत्या, आवाज न करता, दोन्ही हात वर धरलेले असल्यामुळे तोंड झाकता येत नव्हतं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"आते कायदानं," आबा म्हणाले. "एक म्हातारा शे. त्यानी मळामा खांबवर आकडा टाकेल शे. फुकट वीज. कडबाकुट्टी चालस त्यावर. तुम्ही तठे फौजदार. काय करशात?"

निंबापासून पंधरा पावलांवर विजेचा खांब होता. खांबाच्या तारेवर आकडा होता. आकड्यापासून काळी वायर निघून मळ्यातल्या खोलीत गेली होती, आणि खोलीत कडबाकुट्टीचं यंत्र होतं.

"आबा, दुसरा घ्या ना," देवचंद म्हणाला. "जिल्ह्यातल्या नद्या वगैरे."

"बोर्डमा मधे बोलू नको."

"कायद्यासमोर सर्व नागरिक समान आहेत," कोकिळा म्हणाली. हे काकांनी पाठ करून घेतलेलं होतं. "कर्तव्य बजावताना अधिकाऱ्याने आपपरभाव..."

"हाई पुस्तकनं शे. मी पुस्तकले इचारं नही. तो म्हातारा तुमना सासरा शे. आते सांगा."

तिने तोंड उघडलं. त्याच वेळी धुराचा वास आला, आणि नुसता पऱ्हाटीचा नव्हे.

"अरे वांगा! वांगा बठ्ठा जळी गयात ना!" द्रौपदाबाईंनी हातातलं टोक सोडलं आणि त्या चुलीकडे पळाल्या.

लुगडं खाली पडलं.

(हा प्रश्न यादीत नाही.)

आबांनी नजर खाली नेण्याआधीच त्यांना ती दिसली.

सुनेच्या डाव्या भुवईत जखमेची जुनी खूण होती. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना तिच्या जोडव्यांचा आवाज माहीत होता, भाकरी थापण्याचा ठेका माहीत होता, ताप आला की तिचं खोकणं कोणतं आणि द्रौपदाचं कोणतं हे अंधारात ओळखता येत होतं. चेहरा मात्र लग्नात पाहिला असेल तेवढाच, आणि तेव्हा तो मुंडावळ्यांमागे होता. डोळे पिंगट होते. ते सरळ त्यांच्याकडे बघत होते, आणि घाबरलेले होते.

तिने उठावं, वळावं, असं त्यांना एक क्षण वाटलं. मग उठू नये असं वाटलं. दुसरं पहिल्यापेक्षा जास्त जोरात वाटलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले, जणू उठायची भीती त्यांनाच होती.

कोकिळा उठली नाही.

"आधी त्यांना आकडा काढायला सांगेन," ती म्हणाली. पहिले दोन शब्द बसके आले, पुढचे नाही. "त्याच दिवशी. नाही काढला तर वीज मंडळाला कळवेन. त्यांची तक्रार आली की गुन्हा दाखल होईल. पण तपास मी करणार नाही. माझ्या साहेबांना लिहून देईन, आरोपी माझे सासरे आहेत, दुसरा अधिकारी नेमा."

नथ्थूकाकांनी मांडीवर थाप मारली. हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

"आणि साहेबांना लिहिण्याआधी," कोकिळा म्हणाली, "त्यांना एक विचारीन."

"काय?"

"आकडा कोणाचा आहे, आबा?"

बेबाताईच्या तोंडून 'व माय' एवढंच निघालं. आबा खाकरले. एकदाच. चष्मा काढून टोपीच्या काठाने पुसला.

"मना शे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाईपाईन. आयका, फौजदारीन बाई. माले कोठडीमा टाकं, ते जेवाले कोन दी?"

"डबा मीच आणीन. पण कोठडीतच खावा लागेल."

"भाकर कळनानी पाहिजे."

"उडीद जास्त घालून," कोकिळा म्हणाली.

सगळ्यांत आधी हसल्या त्या द्रौपदाबाई, चुलीपाशी, दोन्ही हात राखेने काळे. मग सगळेच. देवचंद हसत होता आणि त्याचे डोळे धुराने किंवा कशाने तरी भरले होते. आबा हसले नाहीत, त्यांनी यादीच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि कागद काकांकडे सरकवला. काकांनी मोठ्याने वाचलं: पन्नासपैकी एक्केचाळीस.

"नऊ कुठे गेले?" बेबाताई भांडायलाच उभी राहिली. "पोरगी एवढं छान बोलली आणि नऊ कापले? उत्तर कोणतं चुकलं सांगा."

"उत्तर बठ्ठा बराबर," आबा म्हणाले. "बोलतांना तिनी पदरले हात लावा. लुगडामांगे बी बांगड्या वाजन्यात. नऊ खेप. एकेक मार्क."

द्रौपदाबाईंनी चुलीपासून मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. लुगड्याचं दुसरं टोक अजून मातीत पडलेलं होतं. त्या उठल्या, सुनेपाशी आल्या, राख लागू नये म्हणून मनगटाने तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला, खांद्यावरून घेऊन कमरेला घट्ट खोचून दिला.

"आते पुन्हा इचारा," त्या आबांना म्हणाल्या. "पहिलापाईन."

"थांब. देवचंद, आकडा काढ."

"आत्ता? आबा, कडबा उद्याचा राहिलाय. बैलं काय खातील?"

"कोयतावर तोडसूत. कोरडा बांबू ले. का फौजदारीन बाईस्नी येवाले पाहिजे?"

देवचंदने बांबू आणला. आकडा दुसऱ्या धक्क्यात निघाला, वायरीसकट खाली आला, आणि खोलीतला दिवा, जो दिवसाही जळत ठेवायची आबांना सवय होती, विझला. मग नाव, माहेर, जिल्ह्यातल्या नद्या, ठाणे अंमलदाराची कामं, सगळं पहिल्यापासून झालं. दुसऱ्या खेपेला चव्वेचाळीस. तिसऱ्या खेपेला बेबाताई उमेदवार झाली आणि तिला बारा मिळाले, कारण तिने बोर्डाला एकही प्रश्न विचारू दिला नाही. काका म्हणाले, असेच काही जण पुढे पोलीस अधीक्षक होतात.

वांगी आतपर्यंत जळाली होती. द्रौपदाबाईंनी जेवढा गर निघाला तेवढा बडगीच्या लाकडी भांड्यात ठेचला, मिरच्या वाढवल्या, कांद्याची पात वाढवली. केळीच्या पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि काळपट भरीत पडलं. निंबाखाली सगळे एका पंगतीला बसले, वाढायला म्हणून मागे कोणी राहिलं नाही. भांडं मधेच ठेवलं होतं.

आबांनी पहिला घास घेतला. चघळला. बेबाताई सवयीने त्यांच्याकडे वळली, निरोप पुढे द्यायला.

आबा तिच्याकडे वळलेच नाहीत. "कोकिळा," ते म्हणाले, "भरीत कडू शे."

"जळालं तेव्हा मी मुलाखतीत होते, आबा," कोकिळा म्हणाली. "चार साक्षीदार आहेत."

ज्या परीक्षेतून कोकिळा फौजदार झाली तिची जाहिरात आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये वर्तमानपत्रात आली होती. ते पान आबांनी विळीवर कापून, कोणाला काही न बोलता, स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं.